राजा एक, चित्रे शंभरावर

ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचे एक मोठे तैलचित्र तिथल्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. अंगात सोनेरी वस्त्रे, खांद्यांवरून जमिनीपर्यंत लोळणारा पांढऱ्या फरचा झगा, बाजूला मुकुट आणि या सगळ्या थाटाला किंचित बुजलेला वाटावा असा तरुण चेहरा. आता अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला जा. तिथे पुन्हा उभारलेल्या गव्हर्नरच्या वाड्यात हाच राजा, याच झग्यात, याच कोनात उभा आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या कलासंग्रहालयातही तोच आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे आणि इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारांच्या घरांतून तर तो जागोजाग भेटतो. ही छापलेली चित्रे नव्हेत. प्रत्येक चित्र कॅनव्हासवर तैलरंगांत हाताने रंगवलेले आहे.

मग यांतला खरा राजा कोणता? मूळ चित्राला मान आणि नकलेला नाक मुरडणे, ही आपली सवय. पण राज्याभिषेकाच्या पोशाखातल्या अधिकृत चित्रांना हा न्याय लावला तर काहीच कळणार नाही, कारण ही चित्रे प्रती काढता याव्यात अशाच बेताने रंगवली जात. मूळ चित्र हा नमुना, आणि मागणी असे ती प्रतींना.

राजाला इतकी चित्रे कशाला लागली?

दुसरा जॉर्ज 25 ऑक्टोबर 1760 रोजी वारला आणि त्याचा 22 वर्षांचा नातू तिसरा जॉर्ज म्हणून गादीवर आला. 8 सप्टेंबर 1761 रोजी त्याचे शार्लटशी लग्न झाले आणि बरोबर दोन आठवड्यांनी, 22 सप्टेंबरला, वेस्टमिन्स्टर ॲबीत दोघांचा राज्याभिषेक झाला. अधिकृत चित्राचे काम ॲलन रॅम्झी या स्कॉटिश चित्रकाराकडे गेले. रॅम्झी एडिंबरोचा, त्याच नावाच्या प्रसिद्ध कवीचा मुलगा, इटलीत शिकून आलेला. जॉर्ज युवराज असतानाच रॅम्झीने त्याचे चित्र रंगवले होते आणि ते पसंत पडले होते. लंडनमध्ये तेव्हा जोशुआ रेनल्ड्ससारखा बडा चित्रकार असूनही राजाने रॅम्झीला धरले, यात ओळखीचा वाटा होताच. पण रॅम्झीचा हात संयत होता, आणि या कामाला तसाच हात हवा होता.

त्या काळी ब्रिटिश राजदूत परदेशी निघाला की त्याला सरकारातून चांदीची भांडी, एक राजासन, त्यावरचे छत आणि राजाराणीची चित्रे मिळत. दूतावासाच्या दिवाणखान्यात छताखाली राजाचे चित्र लागले की तिथे राजा हजर आहे असे धरले जाई. वसाहतींच्या गव्हर्नरांनाही अशी चित्रे हवी असत. मुदत संपली की राजदूत बहुतेकदा हे सामान आपल्याकडेच ठेवून घेत. तसा रिवाजच होता. खेड्यापाड्यांतल्या इंग्लिश वाड्यांमध्ये इतके तिसरे जॉर्ज कसे पोचले, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

तिसऱ्या जॉर्जची कारकीर्द साठ वर्षे चालणार होती आणि साम्राज्य पसरत होते. रॅम्झीच्या चित्रशाळेतून पुढच्या वीसेक वर्षांत राजाराणीच्या शंभराहून अधिक जोड्या बाहेर पडल्या.

छापून का भागवले नाही? छापलीही. तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठसे काढण्याची कला तेव्हा भरात होती आणि विल्यम विन रायलँड या कसबी कोरकाऱ्याने रॅम्झीच्या या राजाचा ठसा केला होता. पण ठसा लहान असतो आणि काळा-पांढरा. दरबारी छताखाली माणसाच्या उंचीचा, रंगीत राजाच लागतो. (रायलँडची पुढची गोष्ट चटका लावणारी आहे. राजाने ज्याला वेतन देऊन कोरकारी म्हणून नेमले, त्याच माणसाला ईस्ट इंडिया कंपनीच्या हुंड्या बनावट केल्याबद्दल 1783 मध्ये फाशी झाली.)

अशी चित्रे राज्याभिषेकाच्या क्षणी काढलेली नसतात, हेही लक्षात ठेवायला हवे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला मुकुट चढला 1654 मध्ये, पंधराव्या वर्षी. राजवस्त्रांतले त्याचे जगप्रसिद्ध चित्र इयासांत रिगो याने रंगवले 1701 मध्ये, राजा साठी ओलांडल्यावर. ते स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला भेट द्यायचे होते. लुईला ते इतके आवडले की त्याने ते स्वतःकडेच ठेवून प्रतीचा हुकूम सोडला. त्या चित्रातला चेहरा वेगळ्या कॅनव्हासच्या तुकड्यावर रंगवून मोठ्या चित्रात बसवलेला आहे. राजा समोर बसला तो तेवढ्या तुकड्यापुरता. झगा, खांब, पडदे हे सगळे त्याच्या गैरहजेरीतले काम.

आधी नमुना

पहिली पायरी म्हणजे प्रत्यक्ष बैठक. राजा चित्रकारासमोर फार वेळ बसत नाही, म्हणून चेहरा एकदाच नीट अभ्यासून घ्यायचा. रॅम्झी कागदावर खडूने अभ्यासचित्रे करी, विशेषतः हातांची. त्याची अशी पुष्कळ रेखाटने आज एडिंबरोच्या संग्रहात आहेत आणि ती बघितली की माणूस किती बारकाईने काम करी ते समजते. राणीच्या चित्रासाठी मुकुट आणि दागिने त्याच्या घरी आणून ठेवले होते आणि दाराशी शिपायांचा पहारा बसवला होता, अशी गोष्ट सांगतात.

या बैठकीतून एक पक्के चित्र तयार होते. ते मंजूर झाले की पुढच्या प्रत्येक प्रतीतल्या राजाचे नाक, हनुवटी आणि डोळ्यांतला भाव या चित्रावरून उतरवायचा. म्हणूनच प्रतींमधला राजा म्हातारा होत नाही. 1780 च्या सुमारास रंगवलेल्या प्रतीतही तो बाविशी-तेविशीचाच असतो.

रेघा दुसऱ्या कॅनव्हासवर कशा जातात?

अडीच मीटर उंचीचे चित्र नुसते बघून उतरवायला गेले तर प्रमाण हमखास चुकते. डोके जरा मोठे झाले की पाय कॅनव्हासबाहेर जातात. यावर जुने आणि सोपे उपाय आहेत.

पहिला उपाय चौकटींचा. मूळ चित्रावर सारख्या अंतराने उभे-आडवे दोरे ताणायचे. रेघ मारायची नाही, म्हणजे चित्राला इजा होत नाही. नव्या कॅनव्हासवर तेवढ्याच चौकटी खडूने आखायच्या आणि एकेका चौकटीत जेवढे दिसते तेवढेच काढायचे. लहान चित्रावरून मोठे करायचे असेल तर चौकटी मोठ्या घ्यायच्या. मुंबईत सिनेमाची प्रचंड पोस्टर्स हाताने रंगवली जात तेव्हा फोटोवरून नटाचा चेहरा असाच भिंतीएवढा होत असे.

दुसरा उपाय माग काढण्याचा. तेल लावून पारदर्शक केलेला कागद मूळ चित्रावर ठेवून बाह्यरेषा गिरवून घ्यायच्या. तिसऱ्या उपायात याच कागदाला रेषेवरून सुईने बारीक भोके पाडतात, तो नव्या कॅनव्हासवर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात. कागद उचलला की खाली ठिपक्यांची रेषा उमटलेली असते. भारतातल्या लघुचित्रकारांकडेही असे खाके असत आणि ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात. एकाच मापाच्या पुष्कळ प्रती काढायच्या तर खाका सर्वांत सोयीचा, कारण कागद एकदा टोचला की काम पुन:पुन्हा होते.

खालून वर

आता रंगकाम. कॅनव्हास चौकटीवर ताणून त्याला सरसाचा हात देतात. सरस नसेल तर रंगातले तेल कापडात मुरते आणि वर्षानुवर्षांत धागा कुजतो. त्यावर अस्तराचा रंग, आणि तो बहुधा कोरा पांढरा नसतो. करडा किंवा फिकट तपकिरी अस्तर दिले की सावल्यांचे निम्मे काम आधीच होऊन जाते.

मग येतो तो थर ज्याला चित्रकार मृत रंग म्हणत. मोजक्या, मंद रंगांत उजेड-अंधाराची मांडणी तेवढी करून घ्यायची. झगा कुठे उजळ, गुडघ्यामागे किती काळोख, इतकेच ठरवायचे. या टप्प्यावर राजा आजाऱ्यासारखा दिसतो. तो वाळला की खरे रंग, आणि शेवटी पातळ, पारदर्शक थर. लाल मखमलीची खोली असल्या थरांतून येते. खालचा फिकट लाल प्रकाश परतवतो आणि वरचा गडद पारदर्शक लाल तो गाळून आपल्यापर्यंत पाठवतो.

तैलरंग वाळतो कसा, हे इथे समजून घ्यायला हवे, कारण प्रतींच्या धंद्याचे वेळापत्रक त्यावर चालते. रंगाची पूड ज्यात घोटतात ते जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते, तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे घट्ट जाळे तयार होते. वाळताना थर हलका होण्याऐवजी सुरुवातीला वजनाने किंचित वाढतो, तो यामुळेच. या क्रियेला वेळ लागतो. बोट लावण्याजोगा होण्यास काही दिवस, आतपर्यंत घट्ट होण्यास कित्येक महिने. त्यातून एक नियम निघतो: खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. उलटे केले तर वरचा थर आधी आखडतो, खालचा नंतर हलतो आणि राजाच्या गालाला भेगा पडतात.

म्हणजे एकच चित्र घेऊन बसलेला माणूस निम्मा वेळ वाळण्याची वाट पाहणार. आठ-दहा कॅनव्हास एका रांगेत लावले तर पहिला वाळेपर्यंत बाकीच्यांवर हात फिरतो, घोटलेला रंग वाया जात नाही, आणि एकाच सावलीचा एकच रंग सगळीकडे लागतो. चित्रशाळेचा कारखाना झाला तो या हिशेबातून. एकाने झगे करायचे, एकाने खांब आणि पडदे, चेहऱ्यावर शेवटचा हात गुरूचा. रॅम्झीला ही विभागणी जुनी होती. तरुणपणी त्याच्या चित्रांतले कपडे योसेफ व्हान आकेन नावाचा कपड्यांतला तज्ज्ञ रंगवून देई. हा व्हान आकेन एकाच वेळी लंडनच्या अनेक चित्रकारांचे रेशीम रंगवत होता.

सोने कसे रंगवतात, हा नेहमीचा प्रश्न. सोन्याचा वर्ख लागत नाही. गेरूच्या जातीची पिवळी माती, तपकिरी सावली आणि अगदी थोडे, जवळजवळ पांढरे झगमगते ठिपके, इतके पुरते. चकाकी डोळ्याला भासते ती गडद आणि उजळ यांच्या अचानक शेजारामुळे. झग्याची पांढरी फर म्हणजे हिवाळ्यात पांढरे होणाऱ्या, मुंगसाहून लहान अशा एका प्राण्याची कातडी. तिच्यावरचे काळे ठिपके त्याच्या शेपटीची टोके. हे काम शिकाऊ पोराला देण्याजोगे. दोन प्रती शेजारी ठेवून पाहा. चेहरे जुळतील, पण काळ्या शेपट्यांमध्ये रंगवणाऱ्याच्या मनगटाचा कल आणि कंटाळाही दिसेल.

कंटाळा होताच. 1773 मध्ये, आग लागली तर घराबाहेर कसे पडायचे हे घरच्यांना दाखवताना रॅम्झी शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला. पुढे राजांचे उत्पादन मदतनिसांवर आले. पुढे निसर्गचित्रांसाठी नावाजलेला अलेक्झांडर नेस्मिथ पोरवयात इथे काम करत होता. सर्वांत जास्त राबला तो फिलिप रायनेगल. प्रत्येकी दहा गिनी दराने राजाराणीच्या पन्नास जोड्या करण्याचे काम त्याच्या गळ्यात पडले, मध्येच दर तीस गिनींवर गेला, तरी ते संपायला सहा वर्षे लागली आणि पुढे आयुष्यभर त्या आठवणीने त्याच्या अंगावर काटा येई, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. पुढे रायनेगल कुत्री, पक्षी आणि शिकारीची चित्रे काढण्याकडे वळला. मला तरी याचे नवल वाटत नाही.

रॅम्झी 1784 मध्ये वारला आणि राजचित्रकाराची जागा अखेर रेनल्ड्सला मिळाली.

रंग जुळतो, आणि जुळत नाही

आजचा चित्रकार अशा चित्राची प्रत करायला बसला की वेगळीच अडचण येते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली साडीशी तंतोतंत जुळणारा ब्लाउजपीस रस्त्यावर आणला की भलताच निघतो, हा अनुभव घरोघरी आहे. कारण दोन वेगळी रंगद्रव्ये एका उजेडात डोळ्याला सारखे दिसू शकतात, पण प्रकाशातल्या निरनिराळ्या रंगांपैकी कोणते शोषायचे आणि कोणते परतवायचे हा त्यांचा हिशेब वेगळा असतो. उजेड बदलला की फरक उघडा पडतो. अठराव्या शतकातला पांढरा शिशाचा होता. शिसे विषारी, म्हणून आज त्याची जागा बहुतेक ठिकाणी टायटॅनियमच्या पांढऱ्याने घेतली आहे. हा नवा पांढरा जास्त थंड आणि जास्त झाकणारा. तो घालून केलेली राजाची कांती उन्हात ठीक आणि दिव्याखाली खडूसारखी, असे होऊ शकते. हा रंग विसाव्या शतकातला आहे, त्यामुळे जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या चित्राच्या मूळ थरात तो सापडला की दावा तिथेच संपतो.

शिवाय नक्कल कशाची करायची? अडीचशे वर्षांत वॉर्निश पिवळे पडते, निळा हिरवट दिसू लागतो. समोर दिसते ते उतरवले तर म्हाताऱ्या चित्राची प्रत होते. रॅम्झीने रंगवले तसे करायचे तर अंदाज बांधावा लागतो. मला दुसरा मार्ग आवडतो, पण बहुतेक ग्राहक जुनाट पिवळेपणा पैसे देऊन मागतात.

प्रत ओळखतात कशी?

मूळ चित्र काढणारा घोटाळतो. हात इथे ठेवू की तिथे, पडदा जरा वर घेऊ का, हे तो कॅनव्हासवरच ठरवतो आणि चुकलेले झाकून टाकतो. प्रत काढणाऱ्यापुढे उत्तर तयार असते. म्हणून संग्रहालयांत चित्राचे एक्स-रे काढतात. शिशाचा पांढरा एक्स-रे अडवतो, त्यामुळे खाली झाकलेला पहिला हात फिल्मवर दिसतो. अवरक्त किरणांनी कोळशाच्या रेघा दिसतात आणि कधी त्यांत चौकटी किंवा खाक्याचे ठिपके सापडतात. दुसरी खूण न समजता केलेल्या नकलेची. मूळ चित्रात फीत गाठीखालून जाऊन पलीकडे निघते. नकलेत ती मध्येच विरते, कारण रंगवणाऱ्याने फीत कधी हातात घेतलेली नसते.

*चौकट: संग्रहालयातली पाटी वाचताना*

*नुसते चित्रकाराचे नाव: चित्र प्रामुख्याने त्याच्या हातचे आहे, असे संग्रहालयाचे मत.*

*चित्रकाराची चित्रशाळा: त्याच्या देखरेखीखाली मदतनिसांनी केलेले. चेहऱ्यावर त्याचा हात असेल किंवा नसेल.*

*अमुक चित्रकारावरून: नंतर कोणीतरी केलेली प्रत. गुन्हा नव्हे.*

*बनावट: जुने किंवा दुसऱ्याचे म्हणून विकण्याच्या हेतूने केलेले. इथे गुन्हा हेतूत आहे, नकलेत नाही.*

मूळ गेले, प्रत उरली

पहिल्या एलिझाबेथचा राज्याभिषेक 15 जानेवारी 1559 रोजी झाला. मोकळे सोडलेले केस, सोनेरी वस्त्रे, हातात राजदंड आणि गोल अशा तिच्या चित्राला लोक सरळ राज्याभिषेकाचे चित्र म्हणूनच ओळखतात. ते लाकडी फळीवर आहे. झाडाच्या खोडातली वर्तुळे दर वर्षीच्या पावसापाण्याप्रमाणे जाड-बारीक होतात आणि त्या क्रमावरून फळीचे झाड कोणत्या काळातले ते काढता येते. या फळीने सांगितले की चित्र 1600 च्या आसपासचे आहे. म्हणजे राणी साठी ओलांडून गेल्यावर कोणीतरी पंचविशीतल्या राणीचे जुने चित्र उतरवून घेतले. ते जुने चित्र आता नाही. त्या दिवशी राणी कशी दिसत होती याचा आपल्याकडचा मोठा पुरावा म्हणजे ही अनामिक चित्रकाराची नक्कल.

आपल्याकडे अजिंठ्याच्या बाबतीत याची उलटी बाजू दिसली. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांतली भित्तिचित्रे कॅनव्हासवर उतरवली. त्यांतल्या पुष्कळ प्रती 1885 मध्ये लंडनला आगीत जळाल्या. ज्या वाचल्या त्यांना आज मोल आहे, कारण भिंतीवरचे रंग त्यानंतर आणखी झडले.

विकत घ्यायची असेल तर

हाताने प्रत करणे हा आजही उघड, सभ्य व्यवसाय आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात परवाना काढून चित्रासमोर ईझल लावता येते. अट अशी की प्रत मूळ मापाची असता कामा नये आणि चित्रकाराची सही उतरवायची नाही. चीनमधल्या शेन्झेनजवळचे दाफेन हे गाव तर अशा तैलप्रतींवरच नावारूपाला आले.

पण हाताने रंगवलेले म्हणून विकले जाणारे सगळेच तसे नसते. कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे मारलेला मालही बाजारात आहे. घेण्याआधी भिंग लावा. बारीक, सारख्या आकाराचे रंगीत ठिपके दिसले तर ते छापील. फटकाऱ्यांची दिशा खालच्या आकाराशी जुळते का तेही पाहा: झग्याच्या घड्या खाली वाहतात आणि जेल आडवे फिरले असेल तर काय ते समजा. मग चित्र उलटे करून मागचे कापड पाहा, आणि विकणारा मागची बाजू दाखवायला कांकूं करत असेल तर पैसे खिशातच ठेवा.